जखमेची नोंद

दहावी ‘ब’च्या त्रेचाळीस मुलांपैकी एकोणीस मुलं गणितात का आपटली, याचा खुलासा वैजयंता सातपुते पालकसभेत करत होती आणि समोरच्या पालकांना तो मुळीच पटत नव्हता. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन किंचाळायला लागला. हा आवाज कमी करता येत नसे, बदलता येत नसे आणि बंद तर मुळीच करता येत नसे. कंपनीनं कुठल्याशा पक्ष्याची शीळ म्हणून तो निवडला होता. वैजयंताला तो शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा वाटायचा.

ती वर्गाबाहेर आली. पडद्यावर लाल अक्षरं होती: ‘शालन गणपती सातपुते. विकर-पातळी ७१. मर्यादा ४०. कृपया रुग्णाची जखम शोधा.’

तिनं घरी फोन लावला आणि पलीकडून ‘हॅलो’ येण्याआधीच विचारलं, “अक्का, आता कुठं टोचून घेतलंत?”

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बोटाला,” शालन म्हणाली. “डाव्या.”

“आरी हातात घ्यायची नाही म्हणून काय कोऱ्या कागदावर लिहून देऊ का तुम्हाला? पालक बसलेत माझ्यासमोर!”

“मग बस की पालकांत. मी काय तुला बोलावलो का?”

पण बोलावलेलंच होतं, यंत्रानं. अर्ध्या तासात जखमेचा फोटो काढून नोंद केली नाही तर ते पुन्हा किंचाळायचं. वैजयंतानं मुख्याध्यापकांची माफी मागितली, पालकांची मागितली आणि रिक्षा करून सुभाषनगर गाठलं. दुकानाच्या ओट्यावर शालन चपलेच्या पट्ट्यासाठी चामड्याची वेणी घालत बसली होती. तिनं मान वर न करता डाव्या हाताची तर्जनी पुढं केली. मधल्या पेराखाली आरीचं टोचलेलं होतं. वैजयंतानं फोटो काढला, ‘जखम: होय. जागा: डावी तर्जनी. कारण: टोकदार हत्यार’ असं भरलं, आणि फोन गप्प झाला.

“हातमोजे कुठायत?” तिनं विचारलं.

“मोजे घालून वेणी घालू? मग तू मोजे घालून पोळ्या लाट.”

या दोघी जावा. थोरली शालन त्रेसष्ट वर्षांची, धाकटी वैजयंता सत्तावन्नची. दोघींचे नवरे वारले त्याला बरीच वर्षं झाली. वैजयंताचा प्रकाश अपघातात गेला तेव्हा तिची ऋतुजा चार वर्षांची होती आणि वैजयंता नुसती बारावी झालेली होती. “तू शीक, दुकान मी बघतो,” असं तेव्हा शालननं कोल्हापुरी बायका बोलतात त्या पुरुषी थाटात सांगून टाकलं होतं, आणि पुढची सहा वर्षं कोल्हापुरी चपला शिवून जावेला शिकवलं होतं. शालनला मूलबाळ नव्हतं. ऋतुजा दोघींत वाढली आणि लग्न होऊन नाशिकला गेली. दोघींचं एकमेकींवाचून चालत नसे, आणि एकमेकींबरोबर तर त्याहून चालत नसे.

आठ महिन्यांपूर्वी शालनच्या पोटात दुखलं. पित्ताशयात खडा असेल म्हणून तपासणी केली, तर खडा नव्हताच. स्वादुपिंडात अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली.

कर्करोग रुग्णालयातल्या डॉक्टर तस्नीम मुजावर यांनी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. “गाठ जिथं आहे तिथंच बसली, तर आम्ही तिच्याशी झगडू शकतो. भीती असते ती गाठ चालायला लागण्याची. आपल्या शरीरातल्या पेशी मोकळ्या पडलेल्या नसतात, त्या कोलॅजेनच्या जाळीत बसवलेल्या असतात. कर्करोगाच्या पेशीला त्या जाळीतून नुसतं निसटता येत नाही. म्हणून ती विकरं सोडते. विकरं म्हणजे एन्झाइम; बारीक कात्र्याच समजा. त्या जाळी कापत जातात. वर ही पेशी शेजारच्या चांगल्या पेशींनाही चिथावते, त्यांच्याही कात्र्या कामाला लावते. कापत कापत वाट रक्तवाहिनीपर्यंत गेली, की पुढं यकृत लांब नाही.”

वैजयंता वहीत टिपून घेत होती. शालन मात्र एकदम पुढं सरकली.

“म्हणजे कातडं ढिलं करायची भुकटी.”

“काय?”

“माझा बाप टॅनरीत होता. चुन्यातनं काढलेली कातडी कोमट पाण्यात टाकायची आणि वर ती भुकटी. कातडं मऊ पडतंय, त्याची गाठ सुटती. एक तास जास्ती राहिलं तर बोट आरपार जातंय. कत्तलखान्यातल्या जनावरांच्या कसल्या तरी गाठीची करतात ती.”

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. “स्वादुपिंडाची करतात,” त्या म्हणाल्या. “विकर अगदी हेच नाही, पण काम त्याच जातीचं.”

“मग माझ्या पोटात टॅनरी उघडलीया म्हणा.”

त्यावर उपाय म्हणून कुलूप आलं. कागदोपत्री त्याचं नाव ‘ऊतिरक्षक’ होतं. ते नाव फक्त पावतीवर वाचायला मिळायचं. गेल्या शतकाच्या शेवटी या कात्र्या बंद पाडणारी औषधं करून बघितली गेली होती. पण ती सरसकट सगळ्या कात्र्या अडवायची. माणसांचे खांदे आखडायचे, बोटं वळायची नाहीत, आणि एवढं सोसूनही रोग थांबायचा नाही. आता भाताच्या शितापेक्षा जरा मोठं यंत्र दंडाच्या कातडीखाली बसवत. ऊतींमधल्या द्रवात तुटलेल्या कोलॅजेनचे तुकडे किती आलेत हे ते दर पंधरा मिनिटांनी मोजायचं, आणि गरजेपुरतंच औषध सोडायचं. तोवर गोळ्यांनी गाठ आक्रसवायची आणि मग शस्त्रक्रिया करून काढायची, असा बेत होता.

यात एकच भानगड होती. जखम भरायलाही शरीराला ह्याच कात्र्या लागतात. फाटलेलं कापून साफ करायचं आणि नव्या कातडीला सरकायला वाट करून द्यायची, हे काम त्यांचंच. त्यामुळं कुलूप लावलेल्या माणसाला साधं खरचटलं तरी ते आठवडेच्या आठवडे तसंच राहायचं. शिवाय कात्री जखमेची चालतेय की गाठीची, हे यंत्राला कळत नसे. म्हणून आकडा चढला की घरच्या माणसानं जखम शोधायची आणि नोंदवायची. नोंद झाली की यंत्रणा समजायची, जखमेमुळं चढला, काळजी नाही.

“आणि जखम सापडली नाही, तर त्याच दिवशी मला कळवायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच दिवशी.”

तेव्हापासून वैजयंताचं आयुष्य म्हणजे शालनच्या कातडीची राखण झालं होतं. आरी बंद, चामडं कापायची रापी बंद, विळी बंद. शेजारचं मांजर ओट्यावर यायचं, ते बंद. शालननं यातलं काहीही ऐकलं नाही. मे महिन्यात तिनं विळीवर बोट कापलं, जूनमध्ये तिला कुंपणाची तार लागली, जुलैत दोनदा आरी. प्रत्येक वेळी वैजयंता कुठून तरी धावत घरी. एकदा बँकेच्या रांगेतून, एकदा तोंडात दाताच्या डॉक्टरचा कापूस घेऊन. मदतवाहिनीला फोन केला तर एक गोड आवाज म्हणायचा, “आपली अडचण मला समजते,” आणि मग त्याला काहीच समजत नसे. नाशिकहून ऋतुजा रोज विचारायची, “आई, तू काकूवर नीट लक्ष का ठेवत नाहीस?”

औषधानं शालनचा उजवा खांदा आखडला होता. हात डोक्यामागं जात नसे. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी वैजयंता तिचे केस विंचरून अंबाडा घालायची आणि तेवढ्या दहा मिनिटांत दोघींचं एक भांडण हमखास व्हायचं.

पालकसभेचा दिवस चार ऑगस्टचा. अकरा तारखेला फोन पुन्हा किंचाळला, तेव्हा ती सहामाहीचा पेपर काढत होती. एकोणीसला किंचाळला तेव्हा बसमध्ये होती आणि आख्खी बस तिच्याकडं वळून बघत होती. दोन्ही वेळा शालननं बोट पुढं केलं, दोन्ही वेळा तिनं फोटो काढला, नोंद केली, आणि तोंडाला येईल ते बोलली. “तुम्हाला जगायचंय की नाही ते एकदा सांगा, म्हणजे मी ही नोकरी तरी धड करीन,” असंही एकोणीसला बोलून गेली. शालन त्यावर काही बोलली नाही. हे जरा नवीन होतं. पण वैजयंताला तेव्हा ते बरंच वाटलं.

एकोणतीस तारखेला रविवार होता. जेवणं झाल्यावर वैजयंता कॉटवर आडवी होऊन फोनमधले फोटो काढून टाकत होती. फोनला जागा उरली नव्हती. सगळीकडं बोटंच बोटं. हे विळीचं, हे तारेचं, हे आरीचं.

चार ऑगस्टच्या फोटोवर तिचा अंगठा थांबला. डाव्या तर्जनीवर, मधल्या पेराखाली, स्वल्पविरामासारखी बारीक वळणाची जखम होती. तिच्याशेजारी रापीचा जुना पांढरा व्रण. अकरा तारखेचा फोटो कडेनं काढलेला होता, पण तोच स्वल्पविराम, तोच व्रण. एकोणीसला बोट जरा दुमडलेलं होतं. स्वल्पविराम तिथंच होता.

“म्हणजे एकदा टोचलं आणि तीनदा सांगितलं!” ती उठूनच बसली. संतापानं तिचे कान तापले. मग तिनं मागं जाऊन सत्तावीस जुलैचा फोटो उघडला. त्यात बोट रक्तानं माखलेलं होतं, आणि रक्ताखाली तोच स्वल्पविराम.

टोचलं होतं ते जुलैत. न भरणारी जखम, ती महिनाभर जशीच्या तशी राहिलेली. ऑगस्टात शालनला काहीही लागलेलं नव्हतं.

मग यंत्र तीन वेळा कशासाठी किंचाळलं?

वैजयंता गणित शिकवणारी बाई होती. उत्तर तिला लगेच आलं: कात्री जखमेची नव्हती, गाठीची होती.

शालन ओट्यावर होती. वैजयंतानं काही न बोलता फोन तिच्यापुढं धरला आणि चारही फोटो एकामागून एक सरकवले. शालननं हातातली वेणी खाली ठेवली.

“कळलं व्हय,” ती म्हणाली.

“चार तारखेला काय करत होता तुम्ही? खरं सांगा.”

“चहा पीत बसलो होतो. आरी डब्यातच होती.”

“मग तसं सांगितलं का नाही? डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं! त्याच दिवशी कळवा म्हणून—”

“सांगणारच होतो. तू फोनवर आलीस ते ‘कुठं टोचून घेतलंत’ म्हणतच आलीस. मला उत्तर शोधायलाच लागलं न्हाई, तूच दिलंस.” शालन पदराच्या टोकाशी चाळा करत होती. “बोटाला म्हटलं की तू नुसती वरडणार. न्हाई लागलं म्हटलं असतं तर तू घाबरली असतीस. मी पण घाबरलो असतो. वरडणं सोपं वाटलं.”

“आणि अकराला? एकोणीसला?”

“एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा काय सांगायचं? की मागल्या वेळी खोटं बोललो? आणि एकदा का दवाखान्यात सांगितलं की औषध वाढवणार. खांदा गेलाच हाय. बोटं पण गेली तर मी काय उरतो, वैजू?”

वैजयंतानं फोनमधल्या नोंदी पुन्हा वर-खाली सरकवून बघितल्या. पंचवीस दिवस तिच्याच नावानं, तिनंच भरलेल्या तीन नोंदींनी तो धोका झाकून ठेवला होता.

तिनं मदतवाहिनीला फोन लावला.

“आपली अडचण मला समजते. नोंदवलेली जखम रद्द करता येत नाही. जखम बरी झाली असल्यास ‘बरी’ म्हणा.”

“जखम नव्हतीच! नोंद चुकीची आहे!”

“आपण ‘बरी’ म्हणालात. अभिनंदन.”

वैजयंतानं फोन भिंतीवर आपटायला उचलला, तसाच पर्समध्ये कोंबला, आणि शालनला दंडाला धरून उठवलं. “चपला घाला. चला.”

“रविवार हाय. डॉक्टर नसंल.”

“नसेल तर येईपर्यंत बसू.”

डॉक्टर मुजावर संध्याकाळी पाचला आल्या. साध्या सलवार-कमीजमध्ये, घरून तशाच. त्यांनी लगेच तपासण्या करवल्या. यकृत स्वच्छ होतं. किमान दिसत होतं तेवढं तरी. गाठ आक्रसली होती, पण तिच्या वरच्या कडेनं शिरेच्या दिशेला चार मिलिमीटरची जीभ काढली होती.

“नोंदी कुणी केल्या?”

“मी,” वैजयंता म्हणाली.

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. “आमच्या यंत्रणेनंही फोटो ताडून बघायला हवे होते. खरं सांगायचं तर ते फोटो कुणी बघतच नाही.”

“मग मागता कशाला?” वैजयंता एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की दारातली परिचारिका आत डोकावली. “आठ महिने मी धावतेय! दात अर्धा सोडून धावलेय! आणि ते कुणी बघत नाही?”

डॉक्टरांनी सारवासारव केली नाही, एवढं बरं केलं.

मग त्यांनी शालनकडं वळून दोन वाटा सांगितल्या. औषध दुप्पट करून गाठ आहे तिथं डांबून ठेवायची. वर्षभर जमेल, कदाचित दोन वर्षं. पण सांधे आखडत जातील. नाहीतर चार दिवसांत शस्त्रक्रिया. पण आतडी जोडलेली जागा आणि पोटावरची जखम भरायला हवी, म्हणजे कुलूप उघडायला हवं. तीन आठवडे, जास्तही लागतील.

“उघडलं की माझी जखम भरायला लागंल,” शालन म्हणाली. “आणि त्यातली एखादी पेशी मागं राहिली असंल, तर ती पण मोकळी सुटंल.”

“हो.”

“कात्र्या दोघांच्या त्याच.”

“त्याच.”

शालननं आपली दोन्ही हातांची बोटं मिटली, उघडली. “दगड होऊन बसण्यापरीस कापा,” ती म्हणाली. मग वैजयंताकडं बघून, “तू काय म्हणतीस?”

इतक्या वर्षांत शालननं एखाद्या गोष्टीत तिचं मत विचारल्याचं वैजयंताला आठवत नव्हतं. “कापू द्या,” ती कशीबशी म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वॉर्डात शालनचे केस विंचरताना वैजयंताच्या मनातलं बाहेर आलंच. “मी तशी ओरडले नसते, तर तुम्ही चार तारखेलाच सांगितलं असतं.”

“वरडलीस ते तुझं. खोटं बोललो ते माझं,” शालन म्हणाली. “माझं खोटं तुझ्या नावावर कशाला लिवतीस? आणि जरा हळू ओढ, केस हायत, दोरी न्हवं.”

शस्त्रक्रिया साडेसात तास चालली. गाठ निघाली, ती जीभही निघाली. शिरेची कड जेमतेम वाचली.

कुलूप उघडल्यावर आकडा दोनशेच्या वर गेला आणि तिथंच राहिला. फोन दर पंधरा मिनिटांनी किंचाळायला लागला. मदतवाहिनीनं सांगितलं, की शस्त्रक्रियेच्या काळातही काळजीवाहकानं जखमेची नोंद करणं बंधनकारक आहे. अन्यथा आवाज चालू राहील. वैजयंतानं नोंद केली. आवाज थांबला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तिनं तो फोन टॉवेलात गुंडाळून घरातल्या ज्वारीच्या पिंपात खोल पुरला आणि हात झटकत रुग्णालयात परत आली. आकडा तिथंही दिसत होता, शालनच्या उशाशी, पण निदान मुक्यानं.

सहाव्या दिवशी शालनच्या बोटावरचा स्वल्पविराम गेला. दीड महिना न हललेली जखम, आठवड्याच्या आत गुलाबी कातडीखाली बुजली. दोघींनी ते बोट उजेडात धरून बघितलं. कात्र्या काम करत होत्या. पोटावरची जखमही भरत होती. आणि दुसरं कुणी काम करत असेल, तर तेही होतच असणार. आकडा एकच होता आणि तो काही सांगत नव्हता.

चौदाव्या दिवशी तो एकशे पन्नासवर आला. अठराव्या दिवशी पंच्याण्णव. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी पोटावरची जखम तपासली: पूर्ण भरली होती. आतली जोडणीही उत्तम. आता आकडा चाळिसाच्या खाली यायला हवा होता. तो अडुसष्टवर अडकला. बाविसाव्या दिवशी अडुसष्ट. तेविसाव्या दिवशी एकोणसत्तर.

डॉक्टर मुजावर आल्या, पडदा बघितला, आणि नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाल्या, “उद्या यकृताची तपासणी करून घेऊ.”

त्या गेल्यावर शालन छताकडं बघत पडून राहिली. “या खेपेला खरंच सांगतो, वैजू. कुठं लागलं न्हाई मला. कुठं दुखत पण न्हाई.”

“मी विचारलं का?”

“विचारलं न्हाईस म्हणूनच सांगतो.”

वैजयंता खिडकीशी गेली. खाली वाहनतळावर दोन माणसं एका जागेवरून तावातावानं भांडत होती. ती ते बराच वेळ बघत होती. पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या पाटीवर परिचारिकांच्या रोजच्या नोंदी उमटत असायच्या. ती मागं वळली तेव्हा तिची नजर त्यावर पडली: ‘त्वचा: ठीक.’ खाली कालचं: ‘त्वचा: ठीक.’ परवाचं: ‘त्वचा: ठीक.’ तेवीस दिवस, तिन्ही पाळ्या, अक्षरही न बदलता.

अशी नोंद कशी होते हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

“अक्का, कुशीवर वळा.”

“कशाला?”

“वळा म्हणते ना!”

“हाडं खिळखिळी झाल्यात माझी, आणि तू—”

वैजयंतानं पडदा ओढला, तिला खांद्याला आणि कमरेला धरून वळवलं, आणि डोक्यापासून बघायला सुरुवात केली. कानामागं. मानेवर. काखेत. पाठीवर. शालन तोंडानं तिचा उद्धार करत होती. वैजयंतानं झग्याची गाठ सोडली, पाठीला चिकटलेला चादरीचा बोळा ओढून काढला, आणि माकडहाडाशी तिला ती दिसली.

रुपयाएवढी. लालभडक, कडेनं ओलसर, मधे कातडी निघालेली. तीन आठवडे उताणं पडून झालेली जखम. दाबून बधिर झालेल्या जागेवर, म्हणून न दुखणारी. आखडलेला हात तिथवर पोचलाच नसता.

वैजयंता पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या तोंडातून निघालेला आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“काय झालं? काय हाय मागं?” शालन घाबरून विचारत होती.

“जखम आहे, अक्का.”

“कसली जखम?”

“चांगली आहे. मोठी आहे. रुपयाएवढी.”

भिंतीकडं तोंड करूनच शालननं विचारलं, “ताजी हाय?”

“ताजी आहे. ओली आहे अजून.”

शालनचे खांदे हलायला लागले. आखडलेला उजवाही.

वैजयंतानं पडदा बाजूला सारला आणि पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात परिचारिकेला हाक मारली. त्वचा ठीक म्हणजे काय, डोळे कुठं असतात, इथं माणसं तपासतात की रकाने भरतात, असं सगळं ती बोलली. बोलताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, त्यामुळं बिचाऱ्या परिचारिकेला आपल्याला नक्की किती रागावलं जातंय याचा अंदाज येईना.

यकृताची तपासणी तरीही झालीच. काही निघालं नाही. रोज पट्टी बदलून, कूस बदलून, ती जखम अकरा दिवसांत कोरडी पडली. आकडा साठ झाला, एकावन्न झाला, आणि एका सकाळी डॉक्टर मुजावर यांनी पडद्यावर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचला, “सदतीस.”

त्यांनी कुलूप पुन्हा लावलं. गाठ निघाल्यामुळं औषध आता निम्म्यानं पुरणार होतं. खांदा सुटायला वर्ष लागेल, पण बोटं राहतील. पुढं काय, असं वैजयंतानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पुढचं मी सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी या.”

सुटी मिळाली त्या दिवशी शालननं घरच्या माणसाच्या रकान्यात आपलंच नाव घालायचा हट्ट धरला. नियमात बसत नाही, असं कारकुनानं सांगितलं. रुग्ण स्वतःचा काळजीवाहक होऊ शकत नाही. त्यावरून खिडकीशी पाऊण तास वाद झाला आणि मागं रांग वाढत गेली. शेवटी कारकुनानं कंटाळून दोघींची नावं घातली, दोन फोन जोडून दिले, आणि यापुढं यंत्र दोन्हीकडं एकदमच वाजेल असं बजावलं.

“वाजू दे,” शालन म्हणाली. “मी सांगीन तिला, लागलंय का न्हाई ते.”

“आणि मी जरा थांबून विचारीन,” वैजयंता म्हणाली. “आता हला इथून. लोक मारतील आपल्याला.”